गोलात बसायला वेळ कुणाकडे आहे?

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात एरिक बटलर शाळेत नोकरीला होते, पण ते कुठलाच विषय शिकवत नव्हते. हजेरी, परीक्षा, पहारा यांपैकी काहीही त्यांच्याकडे नव्हतं. शाळेत त्यांना एक खोली दिलेली होती. भांडलेली, शिव्या दिलेली, वर्गाबाहेर काढलेली पोरं शिक्षा होण्याआधी त्या खोलीत यावीत आणि बटलर यांनी त्यांचं ऐकून घ्यावं, हे त्यांचं काम. बटलर मूळचे न्यू ऑर्लिन्सचे. २००५ साली कत्रिना वादळात ते शहर पाण्याखाली गेलं, त्यानंतर बटलर ओकलंडला आले. ज्या राल्फ बंच हायस्कुलात त्यांचं काम गाजलं, तिथे इतर शाळांत न टिकलेली मुलं शेवटचा उपाय म्हणून पाठवली जात.

त्यांच्या नोकरीतला एक प्रसंग वकील फानिया डेव्हिस यांनी लिहून ठेवला आहे. चौदा वर्षांचा एक मुलगा वर्गात बाकावर डोकं टेकून पडला होता. बाईंनी दोनदा बजावलं, डोकं वर कर, नीट बस. त्याने बाईंना घाणेरडी शिवी हासडली आणि व्हरांड्यात येऊन आरडाओरडा सुरू केला. बटलर धावत आले, मुख्याध्यापकही आले. मुलाने बटलर यांच्यावर हात टाकला, फटका हुकला. मुख्याध्यापकांनी सुरक्षारक्षकांना बोलवायला वॉकीटॉकी उचलला आणि निलंबन जाहीर करून टाकलं. करा निलंबित, मला कशाचंच काही वाटत नाही, असं पोरगा उलट ओरडला. बटलर यांनी मुख्याध्यापकांकडे एक संधी मागून घेतली आणि मुलाच्या आईला फोन लावायला घेतला, तर तो आणखीच भडकला. आईला बोलवू नका, ती काही करणार नाही! तेव्हा बटलर यांनी विचारलं, बाबा रे, सगळं ठीक आहे ना?

नाही, ठीक नव्हतं. खोलीत बसल्यावर थोडं थोडं बाहेर आलं. व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन सावरलेली आई पुन्हा नशेच्या नादी लागली होती आणि तीन दिवस घरी आली नव्हती. घरात हा आणि दोन धाकटी भावंडं. सकाळी त्यांना खायला घालून शाळेत धाडायचं आणि मग आपण शाळेत यायचं, असं त्याचं चाललं होतं. रात्री झोप नाही, डोक्याला काळजी. बाकावर टेकलेलं डोकं त्यामुळे होतं. हे कळल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ज्याला आपण शाळेबाहेर काढायला निघालो होतो, त्याला खरं तर पदक द्यायला हवं.

बटलर यांनी आईला शोधून काढलं, तिच्याशी आधी बोलून घेतलं आणि मग मुलगा, आई, बाई, मुख्याध्यापक अशा सगळ्यांना गोलात बसवलं. एक वस्तू हातोहात फिरते. ज्याच्या हातात ती असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मुलाने आपली बाजू सांगितली, माफी मागितली. मग ती वस्तू बाईंकडे गेली. त्याच वर्षी आणखी एका विद्यार्थ्याने बाईंवर हल्ला केला होता. हा मुलगा अंगावर ओरडायला लागला तेव्हा आता पुन्हा तेच होणार म्हणून त्यांच्या पोटात गोळा आला होता, आणि शिकवणं इतकं आवडत असूनही नोकरी सोडण्याचा विचार त्या करत होत्या. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने पुन्हा माफी मागितली आणि पुढचे काही आठवडे शाळा सुटल्यावर बाईंना वर्गातल्या कामात मदत करण्याचं आपणहून कबूल केलं. आईनेही मुलाची माफी मागितली, तिला शाळेतल्याच व्यसनमुक्ती समुपदेशकाशी जोडून दिलं. बाई शाळेत टिकल्या.

आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षक खोलीत ही हकीकत सांगितली तर कुणी ना कुणी म्हणणारच: म्हणजे शिवी दिली तरी शिक्षा नाही? हा प्रश्न चुकीचा नाही. पण निलंबन झालं असतं तर काय झालं असतं, तेही बघावं. आई नसलेल्या घरात पोरगा काही दिवस पडून राहिला असता, बाईंची धास्ती तशीच राहिली असती, आणि तो परत आला असता तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहणंही टाळलं असतं. ज्यांच्यावर ओरडला त्यांच्यासमोर बसून त्यांची भीती ऐकणं आणि मग आठवडेच्या आठवडे त्यांच्याच वर्गात राबणं, हे चौदा वर्षांच्या मुलाला सोपं जात नाही. घरी झोपून राहणं सोपं जातं.

याला इंग्रजीत रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. कोणता नियम मोडला आणि त्याला काय सजा, हे विचारण्याआधी कुणाला काय झळ बसली आणि ती कोण, कशी भरून काढणार, हे विचारायचं. ओकलंडमध्ये हे आणलं ते फानिया डेव्हिस यांनी. त्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. १९६३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी घडवलेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मेल्या, त्यात त्यांच्या मैत्रिणी होत्या. प्रसिद्ध कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस ही त्यांची बहीण. पुढे फानिया नागरी हक्कांच्या वकील झाल्या आणि कित्येक वर्षं कोर्टात भांडल्यावर, नुसत्या भांडणाने आपण आतून करपतोय, या जाणिवेने दुसरी वाट शोधू लागल्या. २००५ मध्ये त्यांनी ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस फॉर ओकलंड यूथ’ ही संस्था काढली. बटलर त्याच संस्थेचे.

शाळेत ही पद्धत त्याआधीच आली होती, आणि ती आली पोलिसांकडून! न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून अल्पवयीन गुन्हेगारांची प्रकरणं कोर्टाऐवजी आधी कुटुंबासोबतच्या बैठकीत न्यायला सुरुवात केली. त्यामागे माओरी समाजाची कुटुंबासह बसून मार्ग काढण्याची रीत होती. १९९१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावात टेरी ओकॉनेल या पोलीस सार्जंटने ती उचलली. बैठकीत विचारायच्या प्रश्नांचा एक साचा त्याने तयार केला: काय घडलं? त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं? त्यानंतर काय वाटत राहिलं? कुणाकुणाला त्रास झाला? आता ते निस्तरायला काय करशील? यात ‘का केलंस?’ हा प्रश्न मुद्दामच नाही. तो विचारला की पोर एक तर गप्प बसतं, नाही तर खोटं बोलतं, हा अनुभव तर आपल्याकडे प्रत्येक आईबापाला आहे.

ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलंडमधल्या मरूचीडोर इथल्या सरकारी हायस्कुलात मार्गरेट थॉर्सबोर्न समुपदेशक होत्या. गंभीर मारहाण, छळ अशा प्रकरणांत निलंबनाने काहीच सुटत नाही, हे त्या रोज बघत होत्या. १९९४ मध्ये शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमानंतर मारहाण झाली, तेव्हा त्यांनी ओकॉनेलची पद्धत शाळेत वापरून पाहिली. शाळेतली पहिली नोंदलेली अशी बैठक ती हीच मानली जाते.

अशा बैठकीचं खरं काम बैठकीच्या आधीच होतं. जो चालवणार तो प्रत्येकाला स्वतंत्र भेटतो. ज्याने मारलं तो ते कबूल करतो का? जिने सोसलं तिला खरंच समोर बसायचंय का, की आईबापांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या आग्रहाखातर ती येतेय? सोबत कोण हवं? खुर्च्या कशा मांडायच्या हेही कागदावर काढून ठेवतात. कोण कुणाशेजारी, कुणाच्या थेट समोर कोण येऊ नये. मध्ये टेबल नाही. शेवटी काय करायचं ते ठरतं, लिहून सह्या होतात, आणि तो कागद तयार होईपर्यंत चहा-बिस्किटं. चालवणारा तेव्हा मुद्दाम बाजूला होतो. दोन तास एकमेकांकडे न बघितलेले दोन बाप याच वेळात पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात, असं हे काम करणारे सांगतात. खाण्यापिण्याचं महत्त्व आपल्याला नव्याने कुणी सांगायला नको.

क्वीन्सलंडच्या शिक्षण खात्याने पुढे अनेक शाळांमध्ये हे करून पाहिलं. बैठकीला बसलेले बहुतेक लोक समाधानी होते, ठरलेलं बहुतेकांनी पाळलं. पण थॉर्सबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात एक अडचण आली. बैठकीत मुलाशी माणसासारखं बोलणारी शाळा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पुन्हा पूर्वीसारखीच ओरडायची. भांडण झाल्यावर जादूची बैठक, एरवी सगळं होतं तसंच. पीटा ब्लड यांच्यासोबत २००५ मध्ये लिहिलेल्या निबंधात थॉर्सबोर्न यांनी सारा भर शाळेची वागण्याची रीत बदलण्यावर दिला, आणि त्याला चार-पाच वर्षं लागतात हेही स्पष्ट मांडलं. आपल्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र वाटून मोकळे होणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

गंमत अशी की त्याच १९९४ साली अमेरिका नेमकी उलट दिशेला निघाली. शाळेत बंदूक आणली तर किमान एक वर्ष शाळेबाहेर, असा कायदा तिथे झाला. बंदुकीपुरता तो समजण्यासारखा होता. पण ‘झिरो टॉलरन्स’ हा शब्द एकदा रुळला, की तो बंदुकीपाशी थांबत नाही. कॅलिफोर्नियात ‘जाणूनबुजून अवज्ञा’ या सदराखाली मुलांना शाळेबाहेर पाठवता यायचं. टोपी काढली नाही, फोन ठेवला नाही, उलट बोलला, सगळं याच पोत्यात. आणि हे पोतं कुणाच्या डोक्यावर जास्त आपटलं तेही उघड होतं. कृष्णवर्णीय मुलांना प्रमाणाबाहेर निलंबित केलं जातं, या कारणाने अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ओकलंडच्या शाळांची चौकशी केली आणि २०१२ मध्ये शाळा मंडळाने सुधारणेचा करार केला. २०१५ मध्ये मंडळाने अवज्ञेचं हे कारणच रद्द केलं. ओकलंडच्या शाळांचं स्वतःचं वेगळं पोलीस दल होतं, हे ऐकून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी चाट पडतील. ते दल बरखास्त करण्याचा ठराव २०२० च्या जूनमध्ये झाला.

यशाची गोष्ट सांगताना सगळे पश्चिम ओकलंडमधल्या कोल मिडल स्कूलचं नाव घेतात. फानिया डेव्हिस यांच्या संस्थेचं सुरुवातीचं काम तिथलं. बर्कलीच्या कायदा महाविद्यालयाच्या अहवालानुसार आधीच्या तीन वर्षांत तिथे दर १०० मुलांमागे वर्षाला सरासरी ५० निलंबनं होत होती. नंतरच्या दोन वर्षांत ती ६ वर आली. अहवालाच्या शब्दांत ८७ टक्क्यांची घट. हा आकडा जगभरच्या भाषणांत फिरतो. त्यासोबत दुसरी माहितीही सांगायला हवी, ती सहसा कुणी सांगत नाही: कोल तेव्हा रोडावत चाललेली शाळा होती, आणि थोड्याच काळात ती बंद झाली. म्हणून तिथे केलेलं काम खोटं ठरत नाही. पण लहान, पट कमी झालेल्या, जिद्दी शिक्षकांच्या शाळेत जे साधलं ते हजार मुलांच्या शाळेत तसंच्या तसं उतरेल, असं म्हणायला तो आकडा पुरत नाही.

मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं ते पिट्सबर्गमध्ये. रँड या संस्थेने तिथल्या ४४ शाळा घेतल्या, निम्म्या शाळांत ही पद्धत आणली, निम्म्या जशा होत्या तशा ठेवल्या, आणि दोन वर्षांनंतर तुलना केली. २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष आले ते दोन्ही बाजूंना अवघड वाटावेत असे होते. निलंबनाचे दिवस घटले. शाळेचं वातावरण सुधारलं असं शिक्षकांनी सांगितलं. मुलांनी मात्र तसं सांगितलं नाही. सहावी ते आठवीच्या मुलांच्या अभ्यासाचे निकाल तर खाली गेले, आणि त्या वयोगटात निलंबनंही कमी झाली नाहीत. सगळ्यात मोठी अडचण काय, या प्रश्नाला शिक्षकांचं उत्तर होतं, वेळ. शिकागोत २०२३ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात चित्र बरंच बरं होतं: निलंबनं १८ टक्क्यांनी आणि विद्यार्थ्यांच्या अटका १९ टक्क्यांनी कमी.

शिकागोत जे जमलं ते पिट्सबर्गच्या मधल्या इयत्तांत का फसलं, याचा सरळ हिशेब मांडता येत नाही. पण ओकलंडचा अनुभव एका गोष्टीकडे बोट दाखवतो. बटलर यांच्यासारखा पूर्ण वेळ माणूस, ज्याला दुसरा तास घ्यायचा नाही, जो मुलाच्या आईला गावभर शोधू शकतो, तो या पद्धतीचा कणा आहे. तो काढला की उरतो एक फॉर्म आणि गोल मांडलेल्या खुर्च्या. आणि हा माणूस पगार घेतो. २०१९ मध्ये ओकलंडच्या शाळा मंडळाला पैशांची चणचण भासली तेव्हा कपातीची कुऱ्हाड याच कार्यक्रमावर आली, आणि तो वाचवा म्हणत मुलं सभेत उभी राहिली. असा माणूस पगार देऊन ठेवला तरी या कामाची किंमत त्याच्या घरालाही मोजावी लागते. बटलर यांच्यावर २०१८ मध्ये ‘सर्कल्स’ नावाचा माहितीपट निघाला. दुसऱ्यांच्या मुलांना सावरताना आपला मुलगा हातचा जाईल की काय, ही बापाची धास्ती त्यात आहे.

महाराष्ट्रात हा विषय आज ना उद्या येणारच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. छडी गेली, निदान कागदावर तरी. तिच्या जागी काय आलं? वर्गाबाहेर उभं करणं, वहीत शेरा, पालकांना घेऊन ये, आणि फारच झालं तर ‘दाखला हातात देऊ’ची धमकी. हात बांधलेत, मुलं डोक्यावर बसलीत, ही शिक्षकांची तक्रार कांगावा म्हणून झटकता येत नाही. कायद्याने एक हत्यार काढून घेतलं आणि दुसरं काही हातात दिलं नाही.

पण गोलात बसून न्याय करण्याचं कौतुक आपण जरा जपूनच करावं, कारण त्याची काळी बाजू या राज्याइतकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जातपंचायतीही गोलातच बसतात. तिथेही सगळे बोलतात, मार्ग निघतो, आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्यावरच दंड बसतो. शेवटी २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाच करावा लागला. २००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम आली. हेतू चांगला, पण मिटवलेल्या तंट्यांवर बक्षीस ठेवलं की तंटे मिटण्यापेक्षा मिटल्याची नोंद होण्याची घाई वाढते. शाळेचंही तेच होईल. ‘या वर्षी आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे वाक्य ज्या अहवालात कौतुकाने छापलं जातं, त्या शाळेतल्या मुलीने तक्रार करावी कुणाकडे?

म्हणून काही प्रकरणं या वर्तुळात कधीच बसवायची नाहीत. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली की पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे चहा-बिस्किटं नाहीत, तडजोड नाही, ‘दोघांच्याही भविष्याचा विचार’ नाही. जातीवरून हिणवल्याच्या प्रकरणातही, सोसणाऱ्या मुलाने स्वतःहून तयारी दाखवल्याशिवाय त्याला छळणाऱ्यासमोर बसवणं हा दुसरा छळ आहे.

बाकी जे उरतं तेही कमी नाही: डबा पळवणं, टोपणनावं, मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या, बाईंची नक्कल, सरांची हातघाई. हो, सरांची सुद्धा. ज्या शाळेत मुख्याध्यापक शिक्षकाला शिपायादेखत झापतात आणि त्याची बाजू कधीच ऐकत नाहीत, तिथे त्या शिक्षकाने वर्गात जाऊन मुलांची बाजू ऐकावी, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. सुरुवात करायचीच असेल तर ती शिक्षक खोलीपासून करावी.

आणि हिशेब आधी करावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक. प्रत्येकाने एकेक मिनिट बोलायचं म्हटलं तरी ३५ मिनिटं गेली, म्हणजे अख्खा तास संपला. प्रत्यक्षात कित्येक वर्गांत साठ मुलं असतात, आणि शिक्षकांवर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं असतात ती वेगळीच. हा वेळ आकाशातून पडणार नाही. कुठल्या तरी दुसऱ्या तासातूनच तो कापावा लागेल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी आणि मुख्याध्यापकांनी जूनचं वेळापत्रक लावताना एवढंच करावं: प्रत्येक वर्गाला आठवड्यातला एक तास गोलात बसायला द्यावा, एका शिक्षकाचा निम्मा तासभार कमी करून हे काम त्याच्याकडे सोपवावं, आणि पहिले सहा महिने एकही भांडण त्या वर्तुळात नेऊ नये. नुसतं बोलायची आणि ऐकायची सवय लागू द्यावी. एवढं जमणार नसेल, तर ‘शिक्षामुक्त शाळा’ अशी पाटी दारावर लावू नये.